समदुःखितांची सभा

मद्यपानाचा निषेध करणारे वाङ्मय सर्व देशांत विपुल आहे. धर्मोपदेशकांनी पापाचे भय दाखविले, वैद्यांनी देहाची हानी सांगितली, कवींनी बायकामुलांचे अश्रू दाखविले. पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मद्यपी बहुधा मान डोलवून पुन्हा गुत्त्याकडेच वळे. उपदेशक काठावर उभा असतो आणि ऐकणारा प्रवाहात. काठावरचा आवाज कितीही कळवळ्याचा असला तरी बुडणाऱ्यास तो परकाच वाटतो. बुडणाऱ्यानेच बुडणाऱ्यास हात दिला तर काय घडते, हे इतिहासात दोनदा पाहावयास मिळाले.

पहिला प्रयोग अमेरिकेतील बाल्टिमोर शहरचा. १८४० च्या एप्रिलमध्ये तेथील एका गुत्त्यात जमणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि आपल्या मंडळास वॉशिंग्टनचे नाव दिले. त्यांच्या सभेत व्याख्यान नसे. जो तो उठून आपलीच कर्मकथा सांगे. हा साधेपणा लोकांस इतका भावला की, दोनतीन वर्षांत शपथ घेणाऱ्यांची गणना लाखांच्या भाषेत होऊ लागली. १८४२ च्या २२ फेब्रुवारीस स्प्रिंगफील्ड येथे या मंडळापुढे एका तरुण वकिलाने भाषण केले. जे या व्यसनात सापडले नाहीत ते बुद्धीने वा अंतःकरणाने श्रेष्ठ होते असे नव्हे, त्यांना ती ओढच नव्हती, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन. परंतु ही चळवळ दहा वर्षेही धड टिकली नाही. कोणी तीस दारूबंदीच्या कायद्याच्या वादात ओढले, कोणी व्यासपीठावरील कीर्तीच्या मागे लागले. आणि गुत्त्यातून उठून आलेला साधा माणूस बाजूस राहिला.

दुसरा प्रयोग जवळजवळ शंभर वर्षांनी झाला. बिल विल्सन हा न्यू यॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस दारूपायी धुळीस मिळाला होता. १९३४ च्या डिसेंबरात इस्पितळात त्याची दारू सुटली. त्यानंतर पाच महिने तो मद्यप्यांमागे धावला, पण एकही सुधारला नाही. उपदेश आवरा, आधी या रोगाचे स्वरूप सांगा, असे त्याचे डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्यास बजावले. पुढे १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायो प्रांतातील अॅक्रन गावी गेला. काम फसले, खिशात जेमतेम दहा डॉलर उरले. हॉटेलाच्या दिवाणखान्यात तो एकटाच येरझारा घालीत होता. एका बाजूस मद्यालयातील हास्यविनोद ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूस टेलिफोन आणि गावातील चर्चांची यादी होती. त्याने टेलिफोन उचलला. त्यास हवा होता तो उपदेशक नव्हे, वैद्यही नव्हे. त्यास दुसरा एक मद्यपी हवा होता!

नावामागून नाव विचारीत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी, रविवारी १२ मे रोजी, त्या बाईंच्या घरी त्याची आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉक्टर शस्त्रक्रियेत निष्णात, पण दारूपुढे हतबल. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, अशा बोलीने ते आले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दारूविषयीचे ज्ञान त्यांस नवे नव्हते. नवीन होते ते एवढेच की, सांगणारा स्वतः त्याच आगीतून आलेला होता. पुढे डॉक्टर एकदा घसरलेही. परंतु १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस मानतात, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संस्थेचा जन्मदिवस. लगेच ते दोघे गावच्या इस्पितळात तिसऱ्या रुग्णाच्या खाटेशी जाऊन बसले.

मंडळ वाढले, पण वॉशिंग्टनच्या अनुयायांची चूक त्याने टाळली. सभासदत्वास दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. फी नाही, बाहेरची देणगी नाही, राजकारणावर मत नाही. वर्तमानपत्रांत सभासदाने नाव झळकवावयाचे नाही. १९४६ मध्ये लिहिलेले हे नियम १९५० मध्ये मान्य झाले. निनावीपणा म्हणजे केवळ लाज झाकणे नव्हे. कोणी मोठा होऊ नये यासाठी घातलेला तो बांध आहे.

या सभांची वाट हिंदुस्थानात १९५७ च्या सुमारास आली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. व्यसनातून बाहेर पडलेल्याने दुसऱ्यास धीर देण्याची रीत तेथेही रुजली. तथापि, सभा म्हणजे वैद्य नव्हे, हे विसरू नये. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकते; तेथे डॉक्टरांचा हात आधी हवा. आणि सभेत गेलेला प्रत्येक जण तरतोच असेही नाही.

तरीही अॅक्रनचा तो प्रसंग आपणास एक गोष्ट शिकवितो. त्या संध्याकाळी विल्सन दुसऱ्यास वाचवावयास निघाला नव्हता. तो स्वतःस वाचवावयास निघाला होता, आणि त्यातच दुसराही वाचला. आपल्या घरातला कोणी उंबरठ्यावर घुटमळत, अशी सभा कोठे भरते म्हणून हलक्या आवाजात विचारू लागला, तर त्यास लाजविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की, सुटकेचा अवघड भाग त्याने त्या एका प्रश्नात निम्मा उरकलेला असतो.