खाण भंडाऱ्यात, भाव विलायतेत

१/ भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. परंतु या जिल्ह्याला जगाच्या बाजारपेठेशी बांधले ते एका काळ्या, जड दगडाने. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजचा हा इतिहास.

२/ १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली. पण ते पोलाद ठिसूळ निघे. मँगनीज मिसळले की ऑक्सिजन आणि गंधकाचा दोष दूर होतो, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हापासून मँगनीजवाचून पोलादाचे पान हलेना.

३/ १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. तीच पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’, म्हणजे सीपीएमओ. खाणी मध्य प्रांतात, कंपनी मात्र ब्रिटिश.

४/ १९०५ च्या क्रांतीने रशियन साम्राज्यातील कॉकेशसच्या खाणी विस्कळीत झाल्या. भाव चढले आणि मध्य प्रांतात खाणकामाला उधाण आले. दूर जॉर्जियातील अशांततेने तुमसरच्या टेकड्या खणल्या जाऊ लागल्या.

५/ भाव कसा ठरे? ब्रिटिश बंदरात पोहोचलेल्या मालावर, ‘प्रति युनिट’ पेन्समध्ये. एका टनातील एक टक्का मँगनीज म्हणजे एक युनिट. समजा दर १० पेन्स आणि खनिज ५० टक्के शुद्ध. तर टनाला ५०० पेन्स, म्हणजे दोन पौंडांहून थोडे अधिक.

६/ या रकमेतून जहाजाचे भाडे, विमा, बंदराचा खर्च आणि रेल्वेभाडे वजा होई. उरलेल्यातून कंपनीचा नफा आणि दगड फोडणाऱ्या, निवडणाऱ्या, डोक्यावरून वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची मजुरी निघे. दर पडला की भाडे ठरलेलेच राही. काटछाट खाणीवर येई.

७/ महामंदीत हे उघड दिसले. १९२७ मध्ये भारताचे मँगनीज उत्पादन अकरा लाख टनांवर होते. १९३२ मध्ये ते सुमारे दोन लाखांवर आले. परदेशी भट्ट्या थंडावल्या आणि इकडे रोजगार गेला.

८/ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे लुईस फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. कच्चे खनिज तसेच परदेशी पाठवल्याने देशाचे होणारे नुकसान त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. खनिजापासून फेरोमँगनीज करण्यातली कमाई बाहेरच्या भट्ट्यांकडे जात होती.

९/ स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ अस्तित्वात आली. ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचे. ४९ टक्के अजूनही सीपीएमओचे. हा उरलेला वाटा १९७७ मध्ये सरकारने घेतला. पंधरा वर्षे स्वतंत्र देशाच्या खनिजात जुन्या कंपनीची जवळजवळ निम्मी भागीदारी होती.

१०/ आज हीच कंपनी ‘मॉइल’ म्हणून ओळखली जाते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलमध्येही वापरले जाते. मालकी बदलायला ऐंशी वर्षे लागली. एखाद्या वस्तूचा इतिहास वाचताना ती कुठे निघते एवढेच पाहू नये. तिचा भाव कुठे ठरतो आणि तोटा कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहावे.