लँकेशायरचा मुंबईकर यष्टिरक्षक

इंग्लंडमधील 'काउंटी' म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हा. परभणी जिल्ह्याच्या नावाने प्रथम श्रेणीचा संघ असावा, त्याचे स्वतःचे मैदान व सभासद असावेत आणि त्यातील खेळाडूंना हंगामभर पगार मिळावा, अशी कल्पना केली की काउंटी क्रिकेटचे स्वरूप ध्यानात येते. आपल्याकडे जिल्ह्याचा खेळाडू राज्याच्या संघाचे दार ठोठावतो. तेथे जिल्हाच त्याला पोसतो. अशा एका काउंटीसाठी, लँकेशायरसाठी, यष्टींमागे नऊ हंगाम उभे राहिलेले मुंबईकर म्हणजे फारुख माणेकशा इंजिनिअर.

२५ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईत जन्मलेले इंजिनिअर दादर पारशी कॉलनीत वाढले. डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. संघातील जागेसाठी त्यांची स्पर्धा बुधी कुंदरन यांच्याशी होती. विशेष म्हणजे कुंदरनही पुढे परदेशी गेले, स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक म्हणून खेळले आणि २००६ मध्ये ग्लासगो येथेच त्यांचे निधन झाले. जानेवारी १९६७ मधील मद्रास कसोटीत वेस्ट इंडिजच्या हॉल, ग्रिफिथ, सोबर्स व गिब्ज यांच्यासमोर सलामीस आलेल्या इंजिनिअर यांनी पहिल्या दिवशी उपाहारापूर्वीच ९४ धावा फटकावल्या. त्या डावात त्यांनी १०९ धावा केल्या आणि संघातील त्यांच्या स्थानाविषयीची चर्चा थांबली.

त्या काळी भारतात केवळ क्रिकेटवर घर चालत नसे. बँका, रेल्वे किंवा मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. इंग्लंडमध्ये १९६८ पासून परदेशी खेळाडूस वास्तव्याची अट न घालता करारबद्ध करण्याची मुभा काउंटींना मिळाली. सोबर्स नॉटिंगहॅमशायरकडे गेले, इंजिनिअर लँकेशायरकडे.

लँकेशायरची अवस्था तेव्हा फारशी चांगली नव्हती. १९५० मध्ये सरेसह विभागून मिळालेल्या अजिंक्यपदानंतर संघाच्या हाती काहीच लागले नव्हते. कर्णधार जॅक बाँड यांनी वेस्ट इंडिजचे क्लाइव्ह लॉइड आणि इंजिनिअर यांच्यासह जो संघ बांधला, त्याने १९६९ मध्ये सुरू झालेली ४० षटकांची संडे लीग पहिल्या दोन्ही वर्षी जिंकली. गिलेट चषक १९७०, १९७१ आणि १९७२ असा सलग तीनदा, तर १९७५ मध्ये चौथ्यांदा मँचेस्टरला आला. मर्यादित षटकांच्या क्रिकेटचे मर्म या संघाला इतरांपेक्षा लवकर उमगले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंजिनिअर यांनी लँकेशायरसाठी १७५ प्रथम श्रेणी सामन्यांत ५,९४२ धावा केल्या, ४२९ झेल घेतले व ३५ फलंदाजांना यष्टिचीत केले. ४६ कसोटींतील त्यांचे आकडे आहेत ६६ झेल आणि १६ यष्टिचीत. म्हणजे भारतासाठी दर चार झेलांमागे एक यष्टिचीत, तर लँकेशायरसाठी बारा झेलांमागे एक. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीसमोर यष्टींना खेटून उभा राहणारा हाच यष्टिरक्षक मँचेस्टरच्या ओलसर हवेत पीटर लीव्हर व केन शटलवर्थ यांच्या वेगवान माऱ्यासाठी कित्येक पावले मागे उभा राहत असे. दोन्ही कामे वेगळी आहेत. एकात हातांची चपळाई, दुसऱ्यात पायांची.

या नोकरीची किंमतही मोजावी लागली. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी देशांतर्गत स्पर्धांत खेळणाऱ्यांनाच निवडण्याचे धोरण ठरले आणि इंजिनिअर वगळले गेले. भारताने तेथे मिळविलेल्या पहिल्यावहिल्या मालिका विजयात यष्टींमागे पी. कृष्णमूर्ती होते. त्याच उन्हाळ्यातील इंग्लंड दौऱ्यात मात्र लँकेशायरचा हंगाम सांभाळून इंजिनिअर कसोटी सामन्यांपुरते भारतीय संघात आले. ओव्हलवर पहिल्या डावात ५९ आणि विजयासाठी १७३ धावांचा पाठलाग करताना नाबाद २८ ही त्यांची कामगिरी होती. २४ ऑगस्ट १९७१ रोजी आबिद अली यांनी विजयी फटका मारला, तेव्हा दुसऱ्या टोकास इंजिनिअरच होते. ज्याला सहा महिन्यांपूर्वी नियमाने बाहेर ठेवले, त्याच्याविना हा विजय कठीण होता, हे नोंदवावेच लागेल.

कसोटीतील त्यांची सर्वोच्च खेळी, १२१ धावांची, १९७३ मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्ध झाली. शेवटची कसोटी ते जानेवारी १९७५ मध्ये, वानखेडे स्टेडियमच्या पहिल्याच कसोटीत, वेस्ट इंडिजविरुद्ध खेळले. त्याच वर्षी पहिल्या विश्वचषकात लीड्स येथे पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद ५४ धावा करून ते सामन्याचे मानकरी ठरले. १९७६ च्या हंगामानंतर त्यांनी निवृत्ती स्वीकारली आणि इंग्लंडमध्येच स्थायिक झाले.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तो जानेवारी २०२४ मध्ये. मे २०२५ मध्ये वानखेडेवर अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांची नावे प्रेक्षागृहांना देण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलै २०२५ रोजी, भारत-इंग्लंड कसोटीच्या पहिल्या दिवशी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील एका प्रेक्षागृहावर क्लाइव्ह लॉइड आणि फारुख इंजिनिअर ही दोन नावे झळकली.