सस्पेन्शनची झीज (मोटारगाडी)

चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड व रबरी बुश या भागांची वापराने होणारी झीज. हे भाग केव्हा बदलायचे ते किलोमीटरवरून ठरवण्याची रीत आहे. ती फारशी भरवशाची नाही. पुण्याहून सोलापूर, हैदराबादमार्गे मछलीपट्टणमला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर सलग वेगाने धावलेली गाडी आणि त्याच रस्त्यावरच्या, हैदराबादमधल्या कुकटपल्लीत मेट्रोच्या खांबांलगत रोज गर्दीतून खुरडत जाणारी गाडी यांची झीज सारख्या किलोमीटरनंतरही सारखी नसते. ब्रेक दाबलेला असतानाच चाक खड्ड्यात आदळले, की लोअर आर्मच्या बुशला मोठा हिसका बसतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, तेव्हा हे हमखास घडते.

मालक गॅरेज गाठतो तो आवाजामुळे. पण गतिरोधकावर खडखडणारा भाग बहुधा लिंक रॉड असतो: स्वस्त, झटपट बदलता येणारा. शॉकअब्सॉर्बर मात्र पुष्कळदा गुपचूप निकामी होतो. सीलमधून तेल गळते किंवा आतला व्हॉल्व्ह झिजतो, स्प्रिंग उसळत राहते, चाकाची पकड सुटते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. बदल इतका सावकाश होतो, की रोज चालवणाऱ्याला तो जाणवतच नाही. टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट भाग ही त्याची एक खूण. बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी पुन्हापुन्हा हिंदकळली तर शॉक गेला असे समजावे. हिंदकळली नाही म्हणजे तो ठणठणीत आहे, असे मात्र नव्हे. बाहेरून नुसता ओलसरपणा दिसला तर लक्ष ठेवणे पुरते, तेल ओघळत असेल तर भाग बदलावा.

बॉल जॉइंटला सवलत नाही. त्याची रबरी टोपी फाटली की ग्रीस जाते, माती शिरते. गाडी जॅकवर घेऊन पहारीने तपासताना ढिलेपणा आढळला तर तो लगेच बदलावा. जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते.

शॉक एका ॲक्सलवरचे दोन्ही मिळून बदलतात. पुढच्या स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्रित जोडणीचे) माउंटही त्याच वेळी तपासावे, कारण स्प्रिंग तेव्हा काढलेलीच असते. रबरी बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच पक्के आवळायचे असतात. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. घाईच्या गॅरेजमध्ये हीच पायरी गाळली जाते. शेवटी व्हील अलाइनमेंट करतात.