एका अर्ध्या गुणाचा इतिहास

सहामाहीच्या उत्तरपत्रिका दिवाळीपूर्वी तपासून द्यायच्या, हा आम्हा मास्तरांचा दरसालचा फराळ. दोन वर्षांपूर्वी असाच गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो. नववीतल्या एका मुलाने आपल्या आजोबांविषयी इंग्रजीत लिहिले होते, ‘ही वॉज अकस्टम्ड टू वॉक.’ मी तांबड्या शाईने ‘वॉक’वर काट मारली, वर ‘वॉकिंग’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. ‘अकस्टम्ड टू’च्या पुढे जेरंड येतो, इन्फिनिटिव्ह येत नाही. यादीत तसे आहे आणि यादी मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेत आलो आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आजोबांच्या कपाटातले एक जीर्ण इंग्रजी पुस्तक घेऊन आला. एकोणिसाव्या शतकात विलायतेत छापलेले. त्यात खुद्द साहेबानेच ‘अकस्टम्ड टू वॉक’च्या धर्तीवर लिहिले होते, तेही चार ठिकाणी. “सर, यांचेही गुण कापायचे का?” त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न अधिक झोंबला. मी म्हणालो, “छापणाऱ्याची चूक असेल.” चार ठिकाणी तीच चूक होत नसते, हे त्याला कळत होते आणि मलाही. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला.

त्या सुटीत करंज्या खाता खाता मी ह्या भांडणाचे मूळ शोधत बसलो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘शिकणे’ ह्या क्रियापदाचे रूप होते ‘लेओर्नियन’. शेवटचा ‘अन’ हीच इन्फिनिटिव्हची खूण. अलीकडे ‘टू’ लावण्याचे कारणच नव्हते. ‘टू’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ ‘कडे’. ‘घराकडे’ म्हणावे तसे ‘शिकण्याकडे’ म्हणायचे झाले, तर क्रियापदाला विभक्ती लावून ‘टो लेओर्निएन्ने’ म्हणत. हा हेतू झाला. आणि शिकण्याच्या क्रियेला नुसते नाव द्यायचे, तर शब्द अगदी वेगळा होता : ‘लेओर्नुंग’. ते निव्वळ नाम होते, ‘घर’ किंवा ‘झाड’ ह्यांच्यासारखे.

1066 नंतर नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच शिरली आणि इंग्रजी शेताबांधावर बोलली जाऊ लागली. शब्दांच्या शेवटांची झीज आधीच सुरू होती, ती पुढे वाढत गेली. ‘अन’चे ‘एन’ झाले, ‘एन’चे ‘ए’ आणि अखेर तेही गळाले. मग क्रियापद ओळखायचे कशाने? लोकांनी शेजारच्या ‘टू’ला हाताशी धरले आणि दिशा दाखविणारा हा गडी इन्फिनिटिव्हचा पट्टेवाला होऊन बसला. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काळी तर त्याच्या अंगातला ‘साठी’चा अर्थ इतका विरला होता की लोक त्याच्यामागे आणखी एक ‘फॉर’ जोडीत.

दुसरीकडे ‘उंग’चे ‘इंग’ झाले. ‘एन्दे’ हा शिकत असलेल्या माणसाचे वर्णन करणारा प्रत्यय होता; तोही घसरत घसरत ‘इंग’पाशीच आला. दोन नाती एकाच घरात राहायला आली आणि गोंधळ उडाला. पूर्वी निव्वळ नाम असलेला ‘इंग’ हळूहळू क्रियापदासारखे कर्म घेऊ लागला. ह्या संकरालाच पुढे पंडितांनी लॅटिनमधून आणून जेरंड हे नाव चिकटविले.

पंडितांना तो मुळीच रुचला नाही. रॉबर्ट लाउथ ह्या धर्मोपदेशकाने 1762 च्या आपल्या व्याकरणात दटावले की मागे ‘द’ लावाल तर पुढे ‘ऑफ’ लावा, नाहीतर दोन्ही सोडा. अर्धे नाम आणि अर्धे क्रियापद चालायचे नाही. 1795 साली लिंडले मरेने तोच दंडक आपल्या शालेय व्याकरणात उतरवला. विसाव्या शतकातही फाउलर आणि येस्पर्सन हे दोन दिग्गज जेरंडावरून भांडतच होते. लोक मात्र आपल्या वाटेने चालले होते. ‘अव्हॉइड’सारख्या क्रियापदापुढे एके काळी ‘टू’ही येत असे, तिथे जेरंड घुसला, आणि ‘अकस्टम्ड’पुढचा ‘टू’ पुन्हा आपल्या मूळ ‘कडे’च्या अर्थाने घेतला जाऊन त्याच्यापुढेही ‘इंग’ बसला. हा शेवटचा फेरबदल प्रामुख्याने विसाव्या शतकातला. आजोबांचे पुस्तक त्याच्या आधीचे.

सर्वांत गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. जुन्या इंग्रजीतला ‘टो’ आमच्या घरात अजून नांदतो आहे. ‘शिकायला’ आणि ‘शिकणे’! ‘मी पत्र टाकायला विसरलो’ म्हणजे पत्र खिशातच राहिले. ‘पत्र टाकल्याचे विसरलो’ म्हणजे पत्र गेले, आठवण गेली. इंग्रजीत पहिल्याला ‘टू पोस्ट’, दुसऱ्याला ‘पोस्टिंग’. ‘तो विडी ओढायला थांबला’ आणि ‘तो विडी ओढायचा थांबला’ ह्यांतला फरक आमच्या गावातल्या बिनशाळेच्या पोरालाही ठाऊक असतो. पुढच्या कामाकडे पाहणारा ‘टू’, झालेल्या किंवा चाललेल्या क्रियेला हाताशी घेणारा ‘इंग’. ही किल्ली सगळीच कुलुपे उघडत नाही. ‘सजेस्ट’ उद्याचीच गोष्ट बोलतो आणि तरी जेरंडच मागतो. परंतु निम्मी यादी पाठ करण्याचे कष्ट ती वाचवते, हे मी वर्गात करून पाहिले आहे. इतकी वर्षे ही किल्ली मुलांच्याच खिशात होती आणि मी त्यांना कुलुपांची नावे पाठ करायला लावीत होतो.

सुटी संपल्यावर त्या मुलाला बोलावले आणि हे सारे सांगितले. छापणाऱ्याची चूक नव्हती, हेही सांगितले. ते सांगताना घसा थोडा कोरडा पडला. उत्तरपत्रिका काढून अर्धा गुण परत दिला. त्याने पुस्तक छातीशी धरले, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला,

“मग सर, वार्षिक परीक्षेत काय लिहू?”

“वॉकिंग,” मी म्हणालो.