तालमींतला मारुति आणि मैदानावरचा शुभंकर

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम, जन्मसाल 1608. समर्थांनीं मारुतीच्या उपासनेस बलोपासनेची जोड दिली; चाफळ, मसूर, शिराळें इत्यादि ठिकाणचे अकरा मारुति त्यांचेच म्हणून प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रांत तालीम म्हटली कीं तेथें मारुति हा असावयाचाच. पाश्चात्य महाविद्यालयांच्या क्रीडासंघांचे शुभंकर, म्हणजे ‘मॅस्कॉट’, पाहिले कीं आम्हांस या मारुतीचें स्मरण होतें.

‘मॅस्कॉट’ हा शब्द लोकांच्या तोंडीं बसविला तो 1880 सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या ऑड्रानच्या ‘ला मास्कोत’ या संगीतिकेनें. तिची नायिका ज्याच्या घरीं राही, त्याचें भाग्य उजळे. पुढें 1889 सालीं अमेरिकेंतील येल येथें एका विद्यार्थ्यानें बुलडॉग पाळला. तो सामन्यांस येऊं लागला आणि पाहतां पाहतां साऱ्या विद्यापीठाचा झाला. संघ हरला तरी ‘आपलें’ म्हणावयास कांहीं उरतें, हेंच या मोहिनीचें रहस्य होय.

परंतु भेदही येथेंच आहे. शुभंकर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो. तालमींतला मारुति मल्लाकडे पाहतो. एक टाळ्या मागतो, दुसरा जोर-बैठका. 2023 सालीं बँकॉकच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेनें मारुतीसच शुभंकर केलें, याचा आम्हांस आनंदच आहे. आमच्या महाविद्यालयांनींही खुशाल एखादा वाघ निवडावा; मात्र आखाडा ओस ठेवून नुसता वाघ रंगविला, तर तो भाग्य आणील कोठून?