गणवेष उतरल्यानंतर



घाटकोपरच्या शाळेंत चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत बसणारा एक विद्यार्थी गेल्या महिन्यांत मला भेटावयास आला. नौदलांत यांत्रिक विभागाचा अधिकारी म्हणून दीर्घ सेवा करून तो नुकताच निवृत्त झाला आहे. युद्धनौकांची यंत्रसामग्री बनविणाऱ्या, मुंबईबाहेरच्या एका कारखान्यानें त्याला मोठ्या वेतनाची जागा देऊं केली होती. "सर, ही नोकरी पत्करूं कीं नको?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी पडलों इतिहासाचा शिक्षक. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि अशा प्रसंगीं पूर्वीं काय घडलें, त्याचें फळ काय झालें, हें शोधूं लागलों.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८५८ सालीं ब्रिटिश सैन्यानें जुन्या गुळगुळीत नळीच्या तोफा आणि नळीच्या आंत पीळ पाडलेल्या नव्या तोफा यांची तुलना करण्यासाठीं एक समिति नेमली. तोफखान्यांतील अँड्र्यू नोबल हा अधिकारी तिचा चिटणीस होता. नव्या तोफांचा मोठा पुरस्कर्ता कारखानदार म्हणजे विल्यम आर्मस्ट्राँग. आणि १८६० सालीं नोबल सैन्याची नोकरी सोडून त्याच्याच कारखान्यांत गेला. तो मोठा शास्त्रज्ञ होता. बंदुकीच्या दारूवरील त्याचे प्रयोग जगभर मान्य झाले. तेव्हां कारखान्यानें त्याचें ज्ञान घेतलें, हें खरेंच. परंतु जो काल तराजू धरून उभा होता तोच आज दुकानांत बसलेला पाहून, दुसऱ्या दुकानदारास काय वाटावें?

अमेरिकेंत या एका अधिकाऱ्याची पुढें पलटण झाली. १९५९ सालीं सिनेटर पॉल डग्लस यांनीं मागविलेल्या माहितींत, शंभर मोठ्या लष्करी कंत्राटदारांपैकीं ८८ जणांच्या पदरीं कर्नल किंवा त्याहून वरच्या दर्जाचे ७२१ निवृत्त अधिकारी आढळले. दहा वर्षांनीं सिनेटर प्रॉक्स्मायर यांनीं तीच मोजदाद केली, तों आंकडा २,०७२ वर गेलेला! या दोन मोजदादींच्या मध्यें, जानेवारी १९६१ मध्यें, राष्ट्राध्यक्षपद सोडतांना आयझेनहॉवर यांनीं सैन्य आणि शस्त्रोद्योग यांच्या एकत्र आलेल्या बळाविषयीं देशाला सावध केलें होतें. तो इशारा देणारा स्वतः सेनापति होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. माझगांवची गोदी सरकारनें १९६० सालीं ताब्यांत घेतली. पुढें नौदलाचे प्रमुख झालेले स. म. नंदा यांनीं आरंभींच्या काळांत तिचें व्यवस्थापन पाहिलें. याच गोदींत बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका १९६८ सालीं पाण्यांत उतरली आणि १९७२ सालीं नौदलांत दाखल झाली. जहाजावर ज्यानें वादळ सोसलें आहे त्याचा अनुभव जहाज बांधणाऱ्यास लागतोच. सैनिकाचें ज्ञान निवृत्तीबरोबर पेटींत बंद करावें, असें म्हणणें शहाणपणाचें नव्हे.

परंतु याच गोदीनें दुसरी बाजूही पाहिली. ११ डिसेंबर १९८१ रोजीं पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशीं चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथें आणि दोन माझगांवांत बांधावयाच्या होत्या. १९८७ सालीं या व्यवहारांत सात टक्के दलाली दिली गेल्याचा बोभाटा झाला. १९९० सालीं गुन्हा नोंदला गेला, आणि त्यांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर नौदलांतील अधिकाऱ्यांचींही नांवें आलीं. पुढें पुराव्याअभावीं प्रकरण बंद झालें. न्यायालयांत कोणावरही दोष शाबीत झाला नाहीं.

पण दोष शाबीत न होतांही दंड झाला, आणि तो देशाला झाला. त्या कंपनीकडून आणखी पाणबुड्या घेण्याचा बेत संशयाच्या धुक्यांत बुडाला. माझगांवची 'शल्की' १९९२ सालीं आणि 'शंकुल' १९९४ सालीं नौदलांत आली. त्यानंतरची 'कलवरी' आली ती १४ डिसेंबर २०१७ रोजीं. मध्यें तेवीस वर्षें गेलीं! पाणबुडीचें पोलाद सांधण्याची कला मोठ्या कष्टानें शिकलेले कारागीर तोंवर पांगले होते. प्रामाणिकपणा केवळ असून भागत नाहीं, तो लोकांस दिसावाही लागतो, याचें याहून महाग उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

म्हणूनच ज्येष्ठ अधिकाऱ्यांनीं निवृत्तीनंतर ठराविक मुदतींत व्यापारी नोकरी धरावयाची तर सरकारची संमति घ्यावी, असा नियम आपल्याकडे आहे. ही मुदत पूर्वीं दोन वर्षांची होती, पुढें ती एक वर्षावर आणली. परंतु नियम दिवस मोजतो. हेतु मोजणें त्याच्या हातीं नाहीं. तें ज्याचें त्यानेंच मोजावयाचें असतें.

आठ दिवसांनीं विद्यार्थी आला तेव्हां मीं त्याला विचारलें, "अरे, कारखाना तुझें ज्ञान विकत घेतो आहे, कीं तुझ्या ओळखी?"

तो बराच वेळ खालीं पाहत बसला. मग म्हणाला, "सर, शेवटचीं दोन वर्षें त्याच कारखान्याचा माल तपासून पसंत करण्याचें काम माझ्याकडे होतें. मीं एकही खोटी सही केलेली नाहीं."

"ती खरी आहे हें मी जाणतों," मीं म्हटलें, "पण उद्यां तूं तेथें जाऊन बसलास, तर तुझ्या खऱ्या सह्याही लोकांस खोट्या वाटूं लागतील."

घराचें कर्ज फिटावयाचें आहे, मुलीचें शिक्षण चालूं आहे. त्याची अडचण मला ठाऊक आहे. तरीही त्यानें त्या कारखान्यास नकार कळविला. आतां एका तंत्रशाळेंत तो मुलांना यंत्रविद्या शिकवितो. वेतन तिसऱ्या हिश्श्याचें आहे. मुदत संपल्यावर, ज्याचा माल त्यानें कधीं तपासला नाहीं अशा एखाद्या कारखान्यांत तो जाईल, आणि त्यानें अवश्य जावें. देशाला त्याच्या ज्ञानाची गरज आहे. त्याच्या सहीचीही आहे.