नगरच्या दप्तराची घडण

ज्या नगर जिल्ह्यात कचेरीच्या कागदाची पद्धत गेल्या चारशे वर्षांत अनेकवार मोडली आणि अनेकवार नव्याने बसवली गेली, त्या जिल्ह्यातील संस्थांनी आपल्या संकेतस्थळासाठी एखादी मजकूर-व्यवस्थापन प्रणाली निवडताना प्रथम आपल्याच इतिहासाकडे पाहावे, असे मला आग्रहाने वाटते. राहुरीचे कृषी विद्यापीठ असो, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना असो की जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी असो, जेथे पुष्कळ माणसे मजकूर लिहितात, थोडी माणसे तो तपासतात आणि हजारो माणसे त्यावर विसंबून व्यवहार करतात, तेथे वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला, लाइफरे, शेअरपॉइंट या नावांचा तक्ता मांडून एकेका सोयीपुढे खूण करीत जाण्याची रीत सर्वत्र पडली आहे. आणि त्या तक्त्यात जे उतरत नाही, तेच बहुधा पुढे नडते.

१६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची राजधानी परांडा, जुन्नर, खडकी अशी फिरत राहिली, आणि त्या विस्कळीत काळातच तिचा कारभारी मलिक अंबर याने जमीनमहसुलाची ती घडी बसवली, जिची आठवण या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. इजाऱ्याची, म्हणजे वसुलीचा मक्ता देण्याची, पद्धत त्याने बंद केली, मोडकळीस आलेली गावकामगारांची व्यवस्था पुन्हा उभी केली, आणि आरंभी प्रत्यक्ष उत्पन्नाचा माफक हिस्सा धान्यरूपाने घेऊन, काही हंगामांचा अनुभव पदरी पडल्यावरच त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. धान्याचा हिस्सा सुमारे दोन पंचमांश होता आणि रोख आकार सुमारे एक तृतीयांशाइतका पडे, असे परंपरा सांगते. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की युद्धाने घेरलेल्या आणि पैशाची निकड असलेल्या त्या कारभाऱ्याने पहिल्याच वर्षी कायमचा आकडा ठरवला नाही. पद्धत आधी शेतात चालवून पाहिली, मग कागदावर पक्की केली.

१७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, आणि त्याबरोबर त्यांच्या हुजूर दप्तराची, म्हणजे मध्यवर्ती कचेरीची, शिस्तही या मुलुखात अधिक दृढ झाली. त्या शिस्तीत कोणताही महत्त्वाचा कागद एका हातचा नसे. लिहिणारा कारकून एक, नोंदवहीशी ताडून तो रुजू करणारा दुसरा, बार करून त्याची जावक नोंद ठेवणारा तिसरा, आणि शेवटी मोर्तब झाल्यावाचून तो कागद बाहेर पडत नसे. आजच्या मजकूर-व्यवस्थापन प्रणालीत लेखक, तपासनीस आणि प्रकाशक यांचे अधिकार वेगळे ठेवण्याची जी सोय असते, ती याच गरजेतून जन्मलेली आहे; म्हणून ज्या प्रणालीत ही साखळी स्वभावतः आहे ती, आणि जिच्यात ती मागाहून जोडावी लागते ती, यांना एकाच पंक्तीत बसवणे योग्य नव्हे.

इंग्रजी अमलात तुलनेचा धडा अधिक कठोरपणे मिळाला. १८२७ नंतर शेजारच्या पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमीनमहसुलासाठी जी मोजणी केली, तिच्यामागे अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडसिद्धान्त होता: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न आणि खर्च काढून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत. तर्कदृष्ट्या योजना निर्दोष होती. परंतु निव्वळ उत्पन्न शोधण्यासाठी लागणारी सूक्ष्म माहिती गावोगाव गोळा करणे तेव्हाच्या मोजणीदारांच्या आवाक्यातले नव्हते, मोजणीत चुका आणि लाचलुचपत शिरली, आणि आकार न झेपल्याने शेते ओस पडू लागली. ती योजना सोडून देऊन गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात दुसरी रीत आरंभली. मातीची खोली आणि रंग पाहायचा, चुनखड, वाळू, उतार असे दोष मोजायचे, एकेका दोषामागे प्रत एकेक पायरी उतरवायची, आणि १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंतच्या नऊ प्रतींत ती जमीन बसवायची. साधारण शिकलेल्या कारकुनाला हे करता येत होते, आणि वरच्या अंमलदाराला त्याच शेतात फावडे मारून ते पडताळता येत होते. माझ्या मते तिच्या यशाचे मर्म यातच आहे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत सिद्ध झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती नगर जिल्ह्यातही लागू होत गेली.

कागद केवळ एका पक्षाच्या हाती राहिला तर काय होते, हे १८७५ ने दाखवले. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यास पेटलेला शेतकऱ्यांचा दंगा पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरला, आणि लोकांनी सावकारांकडून मागितले ते मुख्यतः गहाणखते आणि दस्तऐवज; ते हाती येताच जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावपातळीवर दस्तनोंदणी, पैसे भरल्याची पावती आणि हिशोबाची प्रत मिळण्याचा कर्जदाराचा हक्क मान्य केला. आपलाच मजकूर, त्याच्या सर्व पूर्वनोंदींसह, आपल्याला केव्हाही उचलून नेता येईल काय, हा प्रश्न ठेकेदारापुढे करार होण्यापूर्वी मांडावा असे मी म्हणतो, त्याचे कारण या जिल्ह्याने त्याची किंमत मोजली आहे.

१९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि पुढे एकवीस गाव नमुन्यांची चौकट रूढ झाली. सातबारा आणि फेरफार ही त्यातलीच अपत्ये. संगणक आला तेव्हा चौकट तयार होती, अडचण लिपीची झाली. मोडी लिपीतून बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत, उतरलेला मजकूर आता निरनिराळ्या संगणकीय टंकांच्या खासगी संकेतांत अडकला, एका टंकात लिहिलेले दुसऱ्यात वाचता येईना, आणि युनिकोडची चाल पडेपर्यंत मराठी कचेऱ्यांचे पुष्कळ श्रम रूपांतरात गेले. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीवर उभ्या असलेल्या संस्थांनाही पुढच्या आवृत्तीत जाताना जवळजवळ नवी बांधणी करावी लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या आवृत्तीचा आधार संपला. मुक्तस्रोत असणे हा मोठा गुण आहे, आणि माझा कल स्पष्टपणे त्याच बाजूला आहे. तथापि परवाना फुकट असला तरी स्थलांतर फुकट नसते.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. ज्या संकेतस्थळांत नाव एकाच जागी नोंदलेले असून सर्व पानांवर तेथूनच उमटते, तेथे ते एका नोंदीने बदलते. ज्यांत ते शेकडो पानांच्या मजकुरात हाताने टंकलेले असते, तेथे प्रत्येक पान उघडावे लागते, आणि १८७५ च्या दंग्यासारख्या ऐतिहासिक उल्लेखांतले जुने नाव मात्र तसेच राखावे लागते. तेव्हा निवड करणाऱ्या समितीने विक्रेत्याचे सादरीकरण पाहून निर्णय देऊ नये. आपल्याच दप्तरातली दहा वर्षांपूर्वीची एक द्विभाषिक अधिसूचना घ्यावी, अकोले आणि जामखेड येथील साध्या कारकुनांकडून प्रत्येक प्रणालीत ती चढवून घ्यावी, नगरच्या अंमलदाराने ती रुजू करावी, एक दुरुस्ती करून जुनी प्रत परत काढावी, शेवटी सगळा मजकूर बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत घालून पाहावा, आणि हे काम एका आठवड्यात न उरकता, पीकविम्याच्या अर्जांची गर्दी आणि मार्चअखेरची घाई दोन्ही येऊन जाईपर्यंत चालू ठेवावे.